स्फुरदातलं जोडाक्षर

"दुसऱ्याच्या घरी चालते का?" मी काहीही नवीन दाखवलं की काकू चष्मा कपाळावर सारून, स्क्रीनला नाक लावून आधी हेच विचारायच्या. माझ्या लॅपटॉपवर आलेख छान उमटला याचं त्यांना काडीचं कौतुक नसे.

त्या आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहत. नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. शेतकऱ्यांना द्यायच्या अहवालांत आलेख असत, पण त्यांवरची नावं इंग्रजीत. मराठीत लिहायला गेलं की सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडून टाकी. 'स्फुरद', म्हणजे मातीतला फॉस्फरस, तर तुकडे होऊन सांडलेला दिसे. एका संध्याकाळी तसा कागद घेऊन काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी प्रोग्रामिंग करून पोट भरतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"माणूस आपल्या वावराची माती वाचून राहिला, अन् त्याले अक्षरंच धड दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "काही करता येते का गा?"

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. त्यातून काही वर्षांचा उद्योग उभा राहिला. मराठी नावांसकट आलेख काढणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा तयार कोड, आम्ही लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. कोणीही फुकट घ्यावी, आतला कोड वाचावा, बदलावा. काकू पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकल्या. शिकवताना मी घाई केली की त्या पेन खाली ठेवत आणि मी ओशाळेपर्यंत माझ्याकडे नुसत्या बघत राहत.

नवी आवृत्ती इंटरनेटवर चढवण्याआधी तिचं पॅकेज बांधावं लागतं. कोड, फॉन्ट, सूचना, सगळं एकत्र, म्हणजे घेणाऱ्याला काही शोधत बसावं लागत नाही. हे काम काकूंचं. त्यांच्याकडे मुलीचा जुना लॅपटॉप होता. दर वेळी त्यातलं सगळं पुसून तो अगदी कोरा करायच्या आणि त्यावर आमचं पॅकेज चालवून बघायच्या. एकदा तर मला शहराबाहेर वाडी गावाला घेऊन गेल्या, भाच्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालतं का ते बघायला. भाचा ट्रकच्या मालाच्या बिल्ट्यांचा गठ्ठा बाजूला सारून गुमान उठला. घरात सगळ्यांना सवय झाली होती.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या काटेकोरपणाचा आधी वैताग येतो. मलाही यायचा. एकदा काकू लग्नाला गावी गेल्या होत्या. सोमवारपर्यंत थांब, असं बजावून गेल्या होत्या. मी शनिवारीच आवृत्ती चढवून मोकळा झालो. माझ्याकडे सगळं झकास चालत होतं.

चार दिवसांनी रामटेकच्या एका मुलीची तक्रार आली, खाली तिचा पत्ताही होता. कृषी पदवीची विद्यार्थिनी, धानाच्या बांध्यांतल्या, म्हणजे भातखाचरांतल्या, मातीवर तिचा प्रकल्प होता. नवी आवृत्ती घेतल्यापासून तिच्या आलेखांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येत होते, आणि प्रकल्प सादर करायची वेळ दोन दिवसांवर आली होती. पॅकेजात फॉन्टची फाइल टाकायलाच मी विसरलो होतो. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट आधीपासून होता, म्हणून मला कळलंच नाही. मी तिला दोन ओळींत कळवलं, की फॉन्ट वेगळा उतरवून घ्या.

काकूंनी ते उत्तर वाचलं. रात्रीतून पॅकेज दुरुस्त केलं, ऑफिसात रजा टाकली आणि सकाळी मला घेऊन रामटेकच्या बसमध्ये बसल्या.

ती मुलगी आम्हाला बघून घाबरलीच. आपण कोणाची तक्रार केली म्हणून घरी माणसं आली, असं तिला वाटलं असावं. काकू तिच्या बाजेवर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची आहे, बाई. तुझी नाही." दुपारपर्यंत आम्ही तिघांनी बसून सगळे आलेख नव्याने काढले. तिच्या आईने भात आणि वरण वाढलं.

परतीच्या बसमध्ये मी माफी मागितली. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "फुकट दिलं म्हणून खराब द्यायचं असते का?" एवढंच. पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. डोळ्यांचं दुखणं वाढलं होतं, मुलीने पुण्याला बोलावून घेतलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. घरात खोकीच खोकी. मी एकेक तक्रार मोठ्याने वाचायची आणि त्या सांगतील ते उत्तर टंकायचं, असं ठरलं. एकाने आमच्या कामाला कचरा म्हटलं होतं. त्यालाही त्यांनी सविस्तर उत्तर लिहायला लावलं, आणि त्याने दाखवलेली एक खोट खरी आहे हेही.

मग त्यांनी लायब्ररीत बदल करण्याचा स्वतःचा अधिकार काढून टाकायला सांगितला. मी म्हणालो, राहू द्या ना, कुठे काय बिघडतं?

"मले आता अनुस्वार दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याले दिसत नाही त्याच्या हातात किल्ली नसावी."

बटण कुठे आहे ते विचारून त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं. स्क्रीनवर त्यांचं नाव यादीतून गेलं आणि माझं एकट्याचं उरलं. काकू क्षणभर तिकडे बघत राहिल्या. त्यांना ते कितपत दिसलं, देव जाणे. मग उठल्या आणि स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की भांडी बांधून झाली आहेत, चहा एकाच कपात वाटून प्यावा लागेल.