तळ्याची वाट, लेव्हल मध्यम

फोनवरच्या माणसाने पुन्हा तेच विचारलं, "पण मध्यम म्हणजे नेमकं किती हो?"

मामांनी रिसीव्हर कानापासून लांब धरून एक सुस्कारा सोडला आणि परत कानाला लावला. "असं बघा, तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तर तुम्ही काय करता?"

"वॉचमनला झापतो."

"आणि नंतर?"

"ती सुरू होईपर्यंत खालीच थांबतो."

"मग तुमच्यासाठी सोपी लेव्हल," म्हणून मामांनी फोन ठेवला. समोरच्या टेबलावरची धाकटी गाईड तोंडावर हात धरून हसत होती. मामांना मात्र हसू आलं नाही. सकाळपासूनचा हा कितवा तरी फोन होता, आणि प्रत्येकाला 'मध्यम' या एका शब्दात स्वतःचे गुडघे, स्वतःचं वजन आणि स्वतःची हौस बसवून हवी होती.

डोंगरात सहली नेणारी ही कंपनी चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. खालून रबराचा वास यायचा. भिंतीवर टाचण्या टोचलेला मोठा नकाशा होता आणि त्यातल्या बहुतेक टाचण्या मामांनी टोचलेल्या होत्या. ते मामा नेमके कुणाचे, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना लेव्हलमामा म्हणायचे, कारण कुठली वाट सोपी, कुठली मध्यम, कुठली कठीण हे ठरवायचं काम त्यांचं. सवयच तशी जडली होती. ऑफिसात येणाऱ्या नव्या माणसाला ते जिन्यातच सांगायचे, "चढ सोपा आहे, पण कठडा हलतो."

लेव्हल ते अंदाजपंचे देत नसत. वाट किती लांब, चढ किती, पायाखाली माती आहे की सुटे दगड, बाजूला झाडी आहे की दरी, पाणी कुठे मिळतं, हे सगळं मांडून मग आकडा काढायचे. स्वतः चालल्याशिवाय एकाही वाटेला लेव्हल द्यायची नाही, हा त्यांचा नेम. शिवाय लेव्हल लीडरनेच द्यायची, ही कंपनीची पहिल्यापासूनची पद्धत. सगळ्यांच्या पुढे तो चालतो, वाट आधी त्याच्या पायाखाली येते, तेव्हा त्यालाच कळणार, असा साधा हिशेब.

एवढं करूनही तळ्याच्या वाटेबद्दल तक्रारी येत होत्या. ही वाट मामांची लाडकी. खिंड ओलांडली की कातळाच्या खोलगट भांड्यात ते तळं अचानक समोर येतं. लेव्हल मध्यम. पण लोक परत येऊन सांगायचे की हे मध्यम असेल तर कठीण काय असतं, ते आम्हाला दाखवूसुद्धा नका.

"मामा, नवं माहितीपत्रक छपाईला जायचंय," मालकीणबाई म्हणाल्या. "एकदा जाऊन बघून या. कठीण लिहायचं असेल तर आत्ताच सांगा. नंतर माझं डोकं खाऊ नका."

"वाट आहे तशीच आहे, बाई. माणसं बिघडलीत. खुर्चीत बसून बसून पाय विसरलीत."

"तरी बघून या."

मामा धुसफुसत घरी आले. बायको पोळ्या लाटत होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, दिवसभर उभी. मामांनी ऑफिसातला राग चपला काढता काढता तिच्यापुढे ओतला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "दुकानाला रंग द्यायचाय, आठवडाभर बंद आहे. मी येऊ का या खेपेला?"

मामा आहे तिथे उभेच राहिले. लग्न झाल्यापासून ते तिला त्या तळ्याबद्दल सांगत आले होते आणि ती 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत आली होती. तळं कसं आहे हे त्यांना कधीच धड सांगता आलं नव्हतं. फोटोत ते डबक्यासारखं दिसायचं. दरवेळी शेवटी म्हणायचे, तू एकदा बघच. आयुष्यातले इतके दिवस ते जिथे घालवत होते, ती जागा हिने पाहिलेली नाही, ही गोष्ट त्यांना दाताच्या फटीत अडकल्यासारखी सलायची. आता ती आपणहून येते म्हणत होती. आनंदाच्या भरात ते नको ते बोलून गेले. "झकास! तुला जमलं म्हणजे कुणालाही जमेल."

तिने लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे मी काय मोजपट्टी आहे का?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. पण येते मी."

गट नेहमीसारखाच होता. बँकेतले काही मित्र, दोन बहिणी, नवे बूट घातलेलं एक जोडपं. पुढे मामा आणि सगळ्यांत मागे धाकटी गाईड. बायकोही मागेच राहिली. पहिल्या थांब्यावर मामांनी सॅक उतरवली, दगडावर टेकले, पाणी प्यायले, आभाळ बघितलं. एकेक करून माणसं आली. शेवटी बायको आली. सगळे आले असं पाहून मामा उठले. "चला."

दुसऱ्या थांब्यावरही तेच झालं. तिसऱ्या थांब्यावर बायकोचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तिने बोलणं बंद केलं होतं. मामांना वाटलं, रुसली असेल. खिंडीखालच्या सपाट दगडापाशी ती आली तेव्हा गट सॅका चढवत होता. ती त्या दगडावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी इथेच थांबते."

"अगं, हा एवढाच चढ राहिलाय. वेडी आहेस का? इथपर्यंत येऊन?"

"पाय उचलत नाहीत."

"मध्यम वाट आहे ही!" मामांचा आवाज चढला. बँकेवाले मित्र एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागले.

"तुमचं मध्यम तुमच्यापाशी ठेवा," ती शांतपणे म्हणाली. "सकाळपासून तुम्ही प्रत्येक थांब्यावर बसलात. मी एकदा तरी बसले का? मी पोचले की तुम्ही उठता."

मामांनी घड्याळ बघितलं. गट खोळंबला होता आणि ते लीडर होते. धाकटीला तिच्याजवळ ठेवून ते बाकीच्यांना वर घेऊन गेले. खिंडीपलीकडे तळं होतं, वारा पडलेला होता, पाण्यात सगळा कडा उलटा उभा होता. लोकांनी फोटो काढले. मामा पाठ करून उभे राहिले. ज्याने बघावं म्हणून इतकी वर्षं जीव टाकला, ते माणूस खाली दगडावर बसलं होतं.

परतताना त्यांनी धाकटीला पुढे पाठवलं आणि स्वतः बायकोबरोबर सगळ्यांत मागून चालले. थांब्यावर पोचावं तर समोर धाकटी सॅक अडकवून टवटवीत चेहऱ्याने म्हणायची, "आले ना सगळे? चला!" दुसऱ्यांदा ते ऐकलं तेव्हा मामांना तिच्या डोक्यावर पाण्याची बाटली मारावीशी वाटली. तिसऱ्यांदा बायको त्यांच्याकडे बघून नुसती हसली. खाली पोचेपर्यंत त्यांच्या मांड्या थरथरत होत्या. ज्या वाटेचा आकडा त्यांनी स्वतः काढला होता, त्या वाटेवर.

दुसऱ्या दिवशी ते बाईंसमोर बसले. "कठीण लिहा."

"वाट बदलली का?"

"वाट तीच आहे. पण पुढचा थांबून चालतो आणि मागचा न थांबता. आम्ही लेव्हल दिली ती पुढच्याची."

"मग मागच्यांनाही बसू द्या की थांब्यावर."

"बसू दिलं तर वेळ वाढतो. दुपारनंतर खिंडीत ढग भरतात. म्हणजे मागच्यांना घेऊन वेळेत पोचायचं, हेच कठीण."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मामा, ही वाट कठीण झाली की तिच्याकडे कोण फिरकणार? मागचे मागे का राहतात, तो त्यांचा प्रश्न. हे तुमचंच वाक्य आहे. मी आजवर लोकांना फोनवर ऐकवत आलेय."

वाक्य त्यांचंच होतं. मामा भांडले, टेबलावर हात आपटला, राजीनाम्याची भाषा केली, आणि रबराचा वास येणाऱ्या त्या खोलीतून तसेच उठले. माहितीपत्रक छापून आलं. तळ्याची वाट, लेव्हल मध्यम. तो गठ्ठा दिसला की मामा मान फिरवायचे. फोनवर आता ते लोकांना विचारायचे, तुम्ही पुढे चालता की मागे? लोकांना वाटायचं, म्हातारा चळला.

दुकानाला पुन्हा सुट्टी पडली तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं, "तळ्याला येतेस? आपण दोघंच."

"एका अटीवर. मी पुढे चालणार. बसायचं कधी आणि उठायचं कधी, ते मी ठरवणार."

"बरं."

आदल्या रात्री ते पायथ्याशीच राहिले आणि उजाडायच्या आत निघाले. ती मनाला येईल तिथे बसायची. मामांचा जीव वरखाली व्हायचा. ते घड्याळ बघायचे, आभाळ बघायचे, सॅकचे पट्टे उगाच ओढायचे. सपाट दगडापाशी ती इतका वेळ बसली की मामांनी दोनदा घसा खाकरला. तिने लक्ष दिलं नाही. मग आपणहून उठली आणि चढायला लागली.

खिंडीत पोचल्यावर ती तळ्याकडे बघत खाली बसली, बूट काढले, पाय सोडले. पलीकडच्या टोकाला ढगाचा पहिला पुंजका आला होता.

"ह्याला मध्यम कुणी म्हटलं?" तिने विचारलं.

"मीच."

ती पुन्हा पाण्याकडे बघत राहिली. मामांनी ढगाकडे पाहिलं, सवयीने सॅक खांद्याला लावली आणि उठायला लागले.

"बसा," ती मान न वळवता म्हणाली.

मामा बसले.