वाकड्या नाकाची पाटी

अण्णांनी माझं नाक चिमटीत धरलं अन् सोलापूरहून आलेल्या बायांना दाखवलं. "हे बघा. तुळजापुरात उतरलं की स्टँडवर हे वाकडं नाक हुडकायचं. नीट आपल्या लॉजवर आणून सोडतंय." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. हसावंच लागायचं.

अण्णा लॉजचे मालक. सातवीत शाळा सोडून देगलूरकडून इकडं आलो, तेव्हा त्यांनीच जेवू घातलं, जिन्याखाली झोपायला जागा दिली. ते उपकार आजही मानतो. म्हणून नाकावरची प्रत्येक चेष्टा गिळली.

पण श्वास कसा गिळायचा? लहानपणी वीटभट्टीवर पडलो, हाड मोडलं, तेव्हापासून एक नाकपुडी बंदच. झोपेत गुदमरून उठायचो. बॅगा घेऊन जिना चढलो की डोळ्यांपुढं अंधारी. एकदा बॅगेसकट जिन्यात बसलोच, तेव्हा अण्णाच मला धाराशिवला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आतला पडदा वाकडा आहे, वरचं हाडही. एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही सरळ होतील. सांगत होत्या अण्णांकडं बघून. नाक माझं.

अण्णा म्हणाले, "आतलं तेवढं करा. बाहेरचं राहू द्या. ती आमच्या लॉजची पाटी हाय."

बाईंना हसू आलं. मला नाही आलं. पहिल्यांदाच नाही आलं. जागा गेली तर जायचं कुठं? तरी बोललो.

"बाई, दोन्ही करा. मलाबी आरशात बघायचं असतंय."

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, तू काय सिनेमात जाणार का? अन् बजावलं, सरळ नाक घेऊन माझ्या दारात यायचं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सोबतीला स्टँडवरच्या चहावाल्या शकीलाभाभी आल्या. अण्णा आले नाहीत.

नाकावरचं प्लास्टर निघालं. दोन्ही नाकपुड्यांतून गार हवा पार छातीत उतरली. आरसा मागितला. बराच वेळ धरून बसलो.

मग कपडे आणायला लॉजवर गेलो. अण्णा गल्ल्यावरून बघत राहिले. "आता तुला वळखणार कोण रे?"

"नाव हाय की मला, अण्णा."

आता त्याच स्टँडवर दुसऱ्या लॉजसाठी उभा असतो. 'ए वाकड्या' अशी हाक अजून येते. मी मागं वळत नाही. नावानं बोलवा. नाहीतर आपली बॅग आपण उचला.