सहीअक्का

सुभद्राक्कांच्या हातात क्रेडिट कार्ड दिलं की त्या आधी ते वाचायच्या. अगदी खरोखर वाचायच्या, उठावाच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवत, ओठांतल्या ओठांत नाव पुटपुटत. मग मान वर करून समोरच्या माणसाकडे बघायच्या, पुन्हा कार्डाकडे, पुन्हा माणसाकडे. काही गिऱ्हाइकं हसायची, काही चिडायची. अक्कांना दोन्हींचं काही वाटत नसे. बंगळूरच्या चिकपेटेतल्या ज्या साड्यांच्या दुकानात त्या गल्ल्यावर बसायच्या, तिथं सगळे त्यांना आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावरही 'सहीअक्का' म्हणायला लागले होते.

त्यांना हे काम शिकवलं मी. नव्वदच्या दशकात पुण्याहून बंगळूरला आलो तेव्हा एका बँकेच्या कार्ड विभागात लागलो होतो. दुकानादुकानांत कार्ड चालवण्याचं यंत्र द्यायचं आणि ते कसं वापरायचं ते समजावायचं, हे माझं काम. यंत्र साधंच होतं. कार्ड ठेवायचं, वर तीनपदरी कार्बनची पावती, आणि मूठ इकडून तिकडे सरकवायची. खडखड आवाज होऊन नाव-नंबर कागदावर उमटे. माझे साहेब सांगत, "लोकांना सोय विक. नोटांचं पुडकं घेऊन बसमध्ये चढायला नको, खिसा कापला जायची भीती नको." मी तसंच सांगायचो. नियम शेवटी घाईघाईनं उरकायचो. गिऱ्हाइकानं पावतीवर केलेली सही कार्डामागच्या सहीशी ताडून बघायची, हरवलेल्या कार्डांच्या यादीत नंबर शोधायचा, रक्कम मोठी असली तर बँकेला फोन करून विचारायचं. ते ऐकेपर्यंत बहुतेकांचं लक्ष उडालेलं असे.

अक्कांनी मात्र वही काढली होती. पंचेचाळिशीच्या असतील. अंगानं बारीक, सुती साडी, चष्म्याला दोरी. कॉटनपेटेत आईबरोबर राहायच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं, घरात मराठी, पण तिला कानडीची फोडणी. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि सही नाही जुळली तर काय करायचं अण्णा?"

"तर प्रत्यक्ष देवाचं कार्ड असलं तरी घ्यायचं नाही," मी ऐटीत म्हणालो. त्यांनी तेही लिहून घेतलं.

अक्कांचे वडील कॅन्टोन्मेंटात शिंपी होते. त्यामुळे की काय, सहीकडे त्या टाक्यासारखं बघायच्या. "टाका ज्याचा त्याचाच असतो बघा," त्या म्हणायच्या. "आप्पा उसवलेल्या कोटाकडं बघून सांगायचे, हा कोणत्या कारागिराच्या हातचा. आणि सही करताना खरा माणूस हाताकडं बघत नाही. नक्कल करणारा बघतो." हे मी नंतर माझ्या प्रशिक्षणात सगळीकडे सांगायला लागलो. अक्कांचं नाव न घेता.

एकदा त्यांनी मलाच अडवलं. आईसाठी साडी घ्यायला गेलो होतो. स्कूटरवरून पडल्यामुळे उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती आणि सही वेडीवाकडी आली. अक्कांनी ती दोनदा ताडून बघितली आणि पावती फाडली.

"अक्का, मी आहे की हो."

"तुम्ही आहात ते मला दिसतंय. सही तुमची नाही. बोट बरं झालं की या."

साडी त्यांनी पंधरा दिवस बाजूला ठेवली. ऑफिसात ही गोष्ट मी सगळ्यांना रंगवून सांगितली. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता. बंगळुरातल्या एका तरी दुकानात माझं शिकवणं कुणी मनावर घेतलं, असं मी म्हणत असे.

बँकेला फोन करायची वेळ आली की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "स्वल्प थांबा, आत्ता होतंय." फोन कधी लागायचा, कधी लागायचा नाही. तोवर त्या गिऱ्हाइकाला स्वतः पाण्याचा पेला आणून द्यायच्या आणि साडीला कुठल्या रंगाचा ब्लाउज शोभेल ते सुचवायच्या. वरमहालक्ष्मीच्या सणाच्या दिवसांत मात्र रांग पायऱ्यांपर्यंत जायची आणि मालक कपाळाला हात लावायचे. ते मला म्हणाले होते, "तुम्ही म्हणालात कार्डानं काम लवकर होतं. आमच्याकडं तर नोटा मोजणं परवडलं."

आता बंगळुरात कोरमंगलातल्या कॉफीवाल्याकडेही लोक फोन टेकवतात आणि पेला उचलून चालू लागतात. कुणी कुणाचा हात बघत नाही, तोंडही बघत नाही. सोय झाली आहे, आणि यंत्रं माणसापेक्षा बारकाईनं तपासतात असं म्हणतात. असेलही. माझा त्यावर आक्षेप नाही. फक्त पैसे पोहोचल्याचा तो 'टुक' आवाज ऐकला की मला अजून मान खाली घालावीशी वाटते, आणि त्याचं कारण त्या दुकानातली एक दुपार आहे.

त्या दुपारी एका कारखानदारांच्या पत्नी मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आल्या होत्या. तीन तास बसून त्यांनी वीसेक साड्या निवडल्या. कार्ड नवऱ्याचं दिलं आणि पावतीवर नवऱ्याच्या नावानं सही स्वतः ठोकली. अक्कांनी नम्रपणे सांगितलं की कार्ड साहेबांच्या नावाचं आहे, सहीला साहेबांनीच यायला हवं. बाईंचा आवाज चढला. मालकांनी थेट आमच्या बँकेत फोन लावला. त्या कारखान्याचं मोठं खातं आमच्याकडे होतं. माझ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "ताबडतोब जा. गिऱ्हाईक सांभाळ, बाकी काही बघू नकोस." मला नोकरीत कायम करण्याचा कागद पुढच्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर येणार होता.

मी पोहोचलो तेव्हा बाई थंड पेय पुढ्यात घेऊन, त्याला हातही न लावता बसल्या होत्या. सेल्समन भिंतीला टेकून उभे होते. मला बघताच अक्कांचा चेहरा खुलला. आता सगळं सुटणार, असंच त्यांना वाटलं. त्या मराठीत म्हणाल्या, "बरं झालं आलात अण्णा. कार्ड साहेबांचं आहे, सही बाईंनी केली. तुम्हीच सांगा यांना, मी सांगितलं तर रागावतात."

त्या दुकानात मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. मी त्यांना उत्तर दिलं नाही. मालकांकडे वळून हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "यांचा गैरसमज झालाय. नियम इतका कडक नसतो. माणूस बघून थोडं समजून घ्यायचं असतं." आणि बाईंना म्हणालो, "मॅडम, बँकेतर्फे माफी मागतो."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा आकडा नीट दिसला नाही म्हणून माणूस पुन्हा बघतो, तसं. मग कानडीत "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या. कार्ड मालकांच्या हातात दिलं, खुर्ची मागे सरकवली आणि आत गेल्या. मूठ मीच सरकवली. पावत्या मीच फाडून दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर मालकांचा भाचा बसायला लागला. अक्कांना माडीवरच्या गोदामात साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळालं. मला कायम केलं. मी त्या दुकानात जाणं कमी केलं, आणि गेलो तरी माडीकडे बघायचं टाळत असे. चार-सहा महिन्यांनी कळलं की अक्का नोकरी सोडून आईला घेऊन बंगळुराबाहेर आनेकलला भावाकडे राहायला गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुकानात एक चोरीचं कार्ड चाललं. सही इतकी वेगळी होती की शाळकरी पोरालाही कळलं असतं. बँकेनं दुकानाला त्याचे पैसे द्यायला नकार दिला. 'सही पडताळून पाहणं ही दुकानाची जबाबदारी आहे,' असं पत्र मालकांना गेलं. ते पत्र मी लिहिलं होतं, खाली सही माझी होती. मालकांचा फोन आला. "तुम्हीच म्हणाला होता ना, नियम इतका कडक नसतो?" मी म्हणालो, "ती गोष्ट वेगळी होती." फोन ठेवल्यावर मला माझाच आवाज सहन होईना.

त्या रविवारी मार्केटातून बस पकडून आनेकलला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. शिवणाच्या अक्का म्हटल्यावर लोकांनी दाखवलं. त्या पडवीत ब्लाउज शिवत होत्या. मला बघून उठल्या, स्टूल पुसून दिलं, कॉफी आणली, आईच्या दम्याचं सांगितलं. मी सगळं बोलून टाकलं. माझे साहेब काय म्हणाले होते, माझा कायम होण्याचा कागद, चोरीचं कार्ड, ते पत्र. मान वर करून बोलणं जमलं नाही.

अक्कांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी शिकले ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं अक्का. चुकलो मी."

"मी आपली रोज रात्री वही काढून बघायची. लिहून घेताना माझंच काही चुकलं की काय म्हणून." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "हे मालकांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगा की एकदा. नोकरी नको मला आता, इथं बरं आहे. पण सोळा वर्षं काढली तिथं. त्यांना वाटत असेल, या बाईला नीट समजत नव्हतं."

मी शब्द दिला. त्यांनी माझा शब्द खरा मानला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बस सुटेपर्यंत त्या थांब्यावर उभ्या होत्या.

पुढच्या आठवड्यात मी चिकपेटेत गेलो. मालकांनी मागचं काही न काढता बसायला सांगितलं, कॉफी मागवली. धंद्याचं बोलले, हवेचं बोलले. मी पेला रिकामा केला आणि तोंड उघडलं. हा माणूस माझ्या साहेबांना फोन करेल, एवढंच मनात आलं.

"काही काम होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "इकडून चाललो होतो, म्हटलं भेटून जावं."