मागच्या डाव्या सीटवरून

चूक माझी होती, आणि ती हिशेबातली नव्हती. हिशेबातली चूक कॉम्प्युटर दाखवून देतो. ही मी तोंडाने केली, टीममधल्या माणसांसमोर, हातात चहाचा ग्लास असताना.

"मोठ्या गाडीत मागे बसायची सवय असावी लागते, प्रज्ञा," मी म्हणालो. "तुला ती नाही, म्हणून मळमळलं."

पौड रोडला भूगावच्या पुढे एका टपरीवर आम्ही थांबलो होतो. प्रज्ञा वाघमारे ही माझ्या टीममधली इंजिनिअर. ती गाडीचं मागचं दार धरून उभी होती. चेहरा उतरलेला. तिने नुकतेच गाडीला दहापैकी पाच मार्क दिले होते. मी आठ दिले होते.

तिने ओठ पुसले आणि म्हणाली, "बरोबर आहे सर. आमच्याकडे खानदानी मळमळ नाहीये."

सगळे हसले. मीही हसलो. विषय संपला असं मला वाटलं.

मी एका मोटार कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात काम करतो. माझं काम 'राइड'चं. म्हणजे रस्त्यावरचा खड्डा प्रवाशाच्या पाठीपर्यंत किती पोचू द्यायचा, हे ठरवण्याचं. आमची एक मोठी सेडान आहे. चांगल्या फ्लॅटच्या किमतीत येते. ती घेणारा माणूस ती चालवत नाही. तो मागे डावीकडे बसतो, फोनवर बोलतो, कागद वाचतो, कधी झोपतो. जुन्या मॉडेलला बाजारात 'सोफा' म्हणायचे, आणि ते कौतुकाने म्हणायचे.

त्या सोफ्याचं नवं रूप येणार होतं. बाहेर त्याची भारी उत्सुकता. इंटरनेटवर लोक अंदाजाने चित्रं काढत होते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लिमयेकाका लिफ्टमध्ये अडवून विचारायचे, "काय जगताप, नवी गाडी यंदा दाखवताय की आमच्या नातवाच्या लग्नात?" बाजारात यायच्या आधी गाडीचा आकार कुणाला कळू नये म्हणून तिला काळ्यापांढऱ्या नक्षीचा स्टिकर गुंडाळतात. ती तशीच रस्त्यावर न्यावी लागते. चांदणी चौकाच्या सिग्नलला स्कूटरवरच्या एका बाईंनी काच खाली घ्यायला लावून विचारलं होतं, "अहो, रंगाचे पैसे कमी पडले का?"

पण आमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. या गाडीचं राइडचं काम पहिल्यांदा पुण्याला मिळालं होतं. तोवर ते परदेशात, मुख्यालयात व्हायचं. आम्ही फक्त त्यांनी पाठवलेलं बसवायचो. मुख्यालयाचे प्रमुख स्वतः येऊन गाडीत बसणार होते. त्यांना पसंत पडलं तर काम पुण्यात राहणार. नाहीतर परत जाणार, आणि पुन्हा मिळायची आशा नाही.

आता आमची पद्धत सांगतो, कारण चूक तिच्यात होती. गाडी किती आरामदायी आहे हे यंत्रं मोजतात, पण शेवटचा शब्द माणसाचा. चार जण एकाच रस्त्याने गाडी नेतात आणि दहापैकी मार्क देतात. आमच्याकडे ते मार्क चहाच्या थांब्यावर मोठ्याने सांगायचे. सीनिअर म्हणून आधी मी. मी आठ म्हणालो की बाकीचे साडेसात ते सव्वाआठच्या मध्ये कुठेतरी उतरायचे. आमचं एकमत चांगलं आहे, असं मी रिपोर्टमध्ये अभिमानाने लिहायचो.

दुसरी पद्धत न ठरवता पडलेली. इंजिनिअरला किल्ली हवी असते. प्रत्येक फेरीला स्टिअरिंगसाठी ओढाताण. ते नाही मिळालं तर निदान पुढची सीट. मागे जायचं ते शेवटी आलेल्याने. नव्या गाडीत मागे डावीकडे मी बसलो होतो तो ऑफिसच्या आवारात. ताम्हिणीकडच्या वळणांवर कधीच नाही.

आणि मी सवयीच्या गोष्टी सांगत होतो. आमच्या धायरीच्या घरातली पहिली चारचाकी म्हणजे मार्केट यार्डात भाजी नेणारा टेंपो. मी मागे पोत्यांवर बसायचो. प्रज्ञा खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढली, वडिलांच्या स्कूटरवर. मागच्या सीटवर रेलून बसणारी माणसं आम्हा दोघांच्याही घरात नव्हती. फरक एवढाच, की मी माझं लपवलं आणि तिचं दाखवलं.

तिचा पाचचा आकडा मी रिपोर्टमधून काढला. शेजारी लिहिलं, 'तब्येत ठीक नव्हती'. पुढच्या फेऱ्यांना तिला नेलं नाही. दारांच्या रबरांतून वाऱ्याचा आवाज येत होता, ते काम तिला दिलं.  तिने ते चोख केलं. आवाज बंद झाला.

मग एका सकाळी माझी मुख्यालयाबरोबरची व्हिडिओ मीटिंग आणि गाडीची फेरी एकाच वेळी आल्या. म्हटलं, जाता जाता मीटिंग करू. आमचे टेस्ट ड्रायव्हर भोसले गाडी चालवत होते. टीममधला निखिल त्यांच्या शेजारी. मी मागे डावीकडे, सीट मागे रेलवलेली, मांडीवर लॅपटॉप. अगदी गिऱ्हाइकासारखा.

पिरंगुटपर्यंत ठीक होतं. पौड मागे पडलं तशी तोंडाला लाळ सुटायला लागली. मी कॅमेरा बंद केला. मग माइक बंद केला. मुळशीजवळ भोसल्यांनी आरशात पाहिलं.

"सर, घेऊ का बाजूला?"

"नको, चला."

पुढच्या वळणाला म्हणालो, "घ्या."

झाडाखाली ओणवा झालो. निखिलने पाण्याची बाटली आणली. "सर, सकाळी काय खाल्लंत?"

"पोहे."

"तेच बाधले असणार."

तोंड धुताना ते माझ्या डोक्यात शिरलं. मला गाडी लागली तर दोष पोह्यांचा. तिला लागली तेव्हा दोष मी तिच्या घरावर टाकला होता.

असं का झालं ते सोपं आहे. गाडीत स्प्रिंग असते, ती धक्का गिळते. पण स्प्रिंग नुसती राहिली तर वरखाली होतच राहते. तिला थांबवायला डॅम्पर असतो. त्यात तेल भरलेलं असतं आणि ते बारीक छिद्रांतून जाताना झोका मोडतो. 'सोफा' आणखी मऊ करण्याच्या हौसेने मी मागचे डॅम्पर फार ढिले केले होते. खड्डा कळत नव्हता, पण खड्डा गेल्यावरही गाडी पाळण्यासारखी हलत राहायची. पुढे बसलेल्याला रस्ता दिसतो, म्हणून त्याचं शरीर तयार असतं. नव्या गाडीत पुढच्या सीटच्या पाठीला मोठी स्क्रीन आली होती, त्यामुळे मागच्याला रस्ता दिसेना. डोळे सांगतात, आपण स्वस्थ बसलोय. कानातला तोल सांगतो, हलतोय. पोट या भांडणात पडतं.

संध्याकाळी ऑफिसात मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रमुखांची भेट जवळ आली होती आणि माझ्या सहीचा आठाचा रिपोर्ट वर गेला होता. शेवटी करंदीकर सरांच्या केबिनमध्ये गेलो. ते माझे साहेब. बोलतात कमी, आणि जे बोलतात ते लागतं.

"सर, मागे बसणाऱ्याला गाडी लागते."

"कोणाला लागली?"

"मला."

"आणि हे आठ मार्क कुठे बसून दिलेत?"

"पुढे."

"वा. पेशंट मागे झोपलाय आणि तुम्ही ड्रायव्हरचा ताप बघताय." त्यांनी चष्मा काढला. "आधी कोणी सांगितलं नव्हतं?"

"प्रज्ञाने सांगितलं होतं. मी तिचा आकडा काढून टाकला."

"मग माझ्याकडे काय आलात? तिच्याकडे जा."

गेलो. पण तिथेही मी कामाचंच बोललो. तिचं निरीक्षण बरोबर होतं म्हणालो, तिने यात पुढाकार घ्यावा म्हणालो. टपरीवरच्या बोलण्याचा विषय मी काढलाच नाही.

"मला वाटलं सर, मला सवय होईपर्यंत थांबणार आहात," ती म्हणाली. मग खुर्ची ओढली. "माझ्या अटी आहेत. मागे मी बसणार आणि तुम्ही बसणार. पुढे फक्त भोसले. आणि मार्क कोणी मोठ्याने सांगायचे नाहीत. ज्याचे त्याने चिठ्ठीवर लिहायचे, मग उघडायचे."

मी हो म्हणालो. 

पहिला प्रयत्न फसला. डॅम्पर घट्ट केले तर पाळणा थांबला, पण पौड रोडचा एकेक स्पीडब्रेकर मणक्यात मोजता येऊ लागला. भोसले म्हणाले, "सर, हा सोफा नाही राहिला. हे एसटीचं बाकडं झालं."

मार्ग प्रज्ञाने काढला. ती म्हणाली, आपण घट्ट की सैल एवढंच विचारतोय. त्याऐवजी तेलाला दोन वाटा देऊ. गाडी हळू डोलत असेल तेव्हा वाट अरुंद, म्हणजे डोलणं लगेच मोडेल. अचानक धक्का आला की रुंद वाट उघडेल आणि धक्का आत येणार नाही. अशी झडप नवी नाही. पण ती नेमकी कुठे उघडावी हे मागे बसूनच ठरणार होतं. आम्ही झडपा बदलत राहिलो. मी रोज मागे बसलो, लॅपटॉप उघडा ठेवून. काही दिवस मी घरी फक्त ताकभात खाल्ला. बायको म्हणाली, "डाएट बरं चाललंय तुमचं."

उरली स्क्रीन. ती वीतभर खाली घ्यावी आणि वरून रस्ता दिसू द्यावा, असं प्रज्ञाचं म्हणणं. डिझाइन विभागाचे प्रमुख ऐकेनात. "अहो, नव्या गाडीची ओळखच ती स्क्रीन आहे. लोक तिचीच तर वाट बघतायत."

"मग एक फेरी करू या ना सर," प्रज्ञा म्हणाली. "तुमच्या स्क्रीनवर तुमचंच प्रेझेंटेशन बघत."

तिने मुद्दाम जुने ढिले डॅम्पर बसवलेली गाडी घेतली. डिझाइनचे प्रमुख परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग त्यांच्याच रंगांच्या कार्डावर नसेल. त्याच आठवड्यात स्क्रीन खाली आली.

मुख्यालयाचे प्रमुख आले. उंच, मितभाषी गृहस्थ. मागे डावीकडे ते, उजवीकडे प्रज्ञा, स्टिअरिंगवर भोसले. मी पुढे. गाडी निघाल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि ईमेल वाचायला लागले. पिरंगुट गेलं. पौड गेलं. मी सनव्हायझरच्या आरशातून मागे बघत होतो. मान खाली, बोटं चालू. मुळशीनंतरची वळणं सुरू झाली. भोसल्यांनी एकही वळण हळू घेतलं नाही. तसं आमचं ठरलं होतं. ज्या झाडाखाली मी ओणवा झालो होतो ते मागे गेलं.

अचानक त्यांनी लॅपटॉप मिटला.  त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि इंग्रजीत प्रज्ञाला विचारलं, "इथे काही खायला मिळेल का? भूक लागलीये."

राइडच्या कुठल्याही पुस्तकात हा मार्क नाही. पण गाडी लागलेला माणूस खायला मागत नाही, हे पुढच्या दोन सीटवरच्या आम्हाला पुरेसं होतं. भोसल्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली, की गाडी थोडी हलली असेल. टपरीवर प्रमुखांनी कांदाभजीची एक प्लेट संपवली, मग दुसरी मागवली, आणि परत येताना पुन्हा लॅपटॉप उघडला.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये निर्णय सांगितला. सेटिंग जसंच्या तसं मंजूर. राइडचं काम पुण्यातच राहणार, आणि पुढच्या दोन गाड्यांचंही इथेच होणार. निखिलने टेबल वाजवलं. करंदीकर सर हसले, ही वेगळी बातमी. प्रमुखांनी हात पुढे केला तो माझ्याकडे. म्हणाले, तुम्ही उत्तम काम केलंत.

धडा असेल तर एवढाच. गाडी कशी आहे असं कुणाला विचारलं, तर उत्तर ऐकण्याआधी विचारावं, तू कुठे बसला होतास? आमच्याकडे आता चिठ्ठ्याच असतात, आणि माझी शेवटी उघडतात.

त्या दिवशी प्रमुखांनी पुढे केलेला हात मी हातात घेतला नाही. उभा राहिलो. सांगितलं, की हा दोष पहिल्यांदा प्रज्ञाने सांगितला, मी तो दाबला, आणि दुरुस्तीही तिचीच आहे. हे इंग्रजीत सांगितलं. पुढचं मराठीत, कारण बोललो होतो ते मराठीत. टपरीवर हसलेले सगळे समोर होते.

"प्रज्ञा, तुझा आकडा काढून टाकला, ती माझी चूक होती. ती गाडीत दुरुस्त झाली. पण सवयीवरून जे बोललो ते गाडीबद्दल नव्हतं. ते तुझ्या घराबद्दल होतं, आणि ते मी मुद्दाम बोललो होतो. त्याची मी तुझी माफी मागतो."