भिंतीवरचा हिशोब

आमच्या पेंटरांचं नाव मला माहीत नाही. फोनमध्येही ते ‘पेंटर’च आहेत. पाथर्डीकडचे. रंगाचा अंदाज ते कागदावर देत नाहीत, हॉलच्या भिंतीवर पेन्सिलीनं मांडतात. “शेवटी रंगाखालीच जायचंय,” म्हणतात.

तो हिशोब मला काही केल्या उमगेना. सातशे फुटांचा फ्लॅट, आणि रंग अडीच हजार फुटांचा?

“सायेब, तुमी फरशीवर ऱ्हाता. रंग भिंतीला अन् छताला लागतो.”

“मग दारं-खिडक्या तरी वजा करा!”

“त्येच्या कडा कोन रंगवनार?”

पुट्टी वेगळी, प्रायमर वेगळा, रंगाचे दोन हात वेगळे. ते तीनदा आले आणि तिन्ही वेळा आकडा बदलला. “भिंत किती पिती, त्यावर हाय,” हे वर. शेवटी मी वैतागून सांगितलं, रंग द्यायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छोटा डबा आणि ब्रश घेऊन दारात उभे. “काम न्हाई, तर माझी आकडेमोड तुमच्या भिंतीवर कशाला?” जुन्या रंगाची छटा जुळवून आणली होती. सगळे आकडे रंगाखाली झाकले आणि चहासुद्धा न घेता गेले. पैशांचं तर नावच नाही.

आता त्या भिंतीवर टॉवेलाएवढा तुकडा लख्ख दिसतो, आणि त्याच्यापुढे बाकी सगळं घर कळकट. हा त्यांचा सज्जनपणा की धंदा, हे मला आठ दिवस ठरवता आलं नाही.

काल मीच फोन केला.

“येतो की, सायेब,” ते म्हणाले. “तेवढा तुकडा वजा करतो.”