खिडकीतून धरलेली जागा

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि जोडीला मूल्यशिक्षणाचा तास घेतला. त्या तासाला मी मुलांना ठणकावून सांगायचे, की बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हे अतिक्रमण आहे. हे पुस्तकात नव्हतं, माझं स्वतःचं होतं. जो आधी चढेल तो बसेल, इतका साधा नियम. मग एक मळकं फडकं आत भिरकावून मागाहून रमतगमत चढणाऱ्या माणसाला बसायचा हक्क कुठून मिळतो? आणि त्या फडक्याकडे बघून बाकीचे निमूट उभे का राहतात? मला दोघांचाही राग यायचा. माझी धाकटी बहीण मात्र या विद्येत पारंगत. फलाटाला लागणाऱ्या गाडीबरोबर पळत ती हव्या त्या खिडकीतून ओढणी टाकते, आणि मी तत्त्वाने रांगेत उभी राहते. मग चढल्यावर मी तिच्या शेजारी बसते, कारण तिने दोन जागा धरलेल्या असतात. या दुसऱ्या जागेबद्दल मी मूल्यशिक्षणाच्या तासाला कधी बोलले नाही.

मागच्या डिसेंबरात कळवणला आमच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. मुहूर्त साडेबाराचा. तिने नेसायची पैठणी आम्ही दोघी बहिणींनी येवल्याला विणून घेतली होती. चार महिने लागले. जांभळा रंग तिनेच निवडलेला, ब्लाउज कळवणला शिवून तयार, साडी तेवढी आमच्याकडे. विणकराने ती हातात दिली आदल्या संध्याकाळी, तोवर घरची गाडी बाकीच्यांना घेऊन पुढे गेली होती. म्हणून सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडच्या फलाटावर आम्ही दोघी, आणि एका साध्या निळ्या बॅगेत ती पैठणी.

बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तिथे आमचंच राज्य आहे, त्यात लग्नसराई. बहीण म्हणाली, "मी मुलाकडच्यांसाठी चिवडा घेऊन येते. तेवढ्यात कळवण लागली तर रुमाल टाक."

"मी रुमाल टाकत नसते."

"मग कळवणपर्यंत तत्त्वावर बस," असं म्हणून ती गेली.

आता, मला तत्त्वं आहेत पण माझ्या गुडघ्यांना नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी मागे घेत फलाटाला लागू लागल्या. एकीवर 'कळवण' अशी पाटी मी नीट वाचली. गर्दी धावली, आणि काय झालं कुणास ठाऊक, मीही धावले. जाणते लोक रुमाल टाकतात, कारण गेला तर रुमालच जातो. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझा रुमाल इस्त्रीचा आणि इवलासा. त्याला कोण जुमानणार असं वाटून मी सरळ पैठणीची बॅग उचलली आणि समोर आलेल्या चौथ्या खिडकीतून आत कोंबली. खरं सांगते, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. एका क्षणात मी प्रजेतून राज्यकर्त्यांत गेले होते. गर्दीच्या लोंढ्याने लोटलं त्या दारातून मी हसतच आत चढले.

माझ्या चौथ्या खिडकीपाशी एक पोरगा बसला होता. पिवळेधमक केस, एका कानात चमकता खडा, मोबाईलवर मोठ्याने गाणं. बॅग नाही.

"बॅग काढ," मी म्हटलं. वर्गात म्हणायचे त्याच आवाजात.

"कोणती बॅग मावशी?"

"निळी. इथे होती. काढ म्हणते ना!"

त्याने मांडीखालून एक चौकटीचा रुमाल ओढून दाखवला. "ही जागा मी धरलीये. हा माझा रुमाल."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. संस्कार, आईबाप, हे केस आणि हे कान, सगळं झालं. आख्खी गाडी वळून बघू लागली. कंडक्टर आला. चिवड्याची पिशवी सांभाळत बहीण चढली आणि तिला कळलं, की मी जागा धरायला गेले होते.

"तू?" ती म्हणाली. "रुमाल?"

"रुमाल नाही. बॅग."

"पैठणीची?" असं म्हणून ती इंजिनच्या झाकणावरच बसली.

तो पोरगा मात्र शांत. "मावशी, तुम्ही कोणत्या बाजूने टाकली?" मी हात केला. त्याने खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या फलाटावरची गाडी नुकतीच फाटकातून बाहेर वळत होती. "ती सुरगाण्याची होती," तो म्हणाला.

सगळी गाडी एकदम बोलायला लागली. साडेबाराला ती मुलगी काय नेसणार? कंडक्टरने डेपोतून पुढच्या गाडीच्या कंडक्टरचा नंबर मिळवला, चारदा लावला. "उचलत नाहीये. गर्दीत असेल." ड्रायव्हरने मान मागे वळवून विचारलं, "सुरगाणा ना? वणीपर्यंत रस्ता एकच. धरू की." आणि आमची गाडी अशी निघाली, की बहिणीच्या हातातला चिवडा पुढच्या आजींच्या मांडीवर गेला.

म्हसरूळ सुटेपर्यंत गाडीत उघड उघड दोन पक्ष पडले होते. बॅग मिळणार म्हणणारा आणि गेली म्हणणारा. गेली म्हणणाऱ्यांचे पुढारी होते टोपीवाले एक बाबा. ते दर पाच मिनिटांनी माझ्याकडे वळून अहिराणीत प्रेमाने सांगत, "गई ती. आते इसरी जा, बाई." एका कांदा व्यापाऱ्याने पुरावा मांडला, की सुरगाण्याच्या गाडीत सगळे मजुरीवरून घरी जाणारे, गरीब माणसाच्या हाताशी पैठणी आल्यावर तो काय करणार? मला ते पटलं. इतकं पटलं, की मी मान डोलावली. हे लिहायला नको वाटतं, पण डोलावली.

तेव्हा पिवळे केस म्हणाले, "काका, रुमालावर कोणी बसतं का?"

"नाही."

"का नाही बसत? मळका रुमाल असतो. उचलला, फेकला, झालं."

व्यापारी विचारात पडला. "दुसऱ्याची जागा असते ना ती."

"मग बॅगेवर का बसतील?"

"बसणार नाहीत रे, उघडतील!"

"रुमालवाली माणसं वेगळी आणि बॅगवाली वेगळी असं असतं का?"

यावर जो गदारोळ उठला तो मी कुठल्याही शिक्षक-सभेत ऐकलेला नाही. कुणी म्हणे रुमाल ही इज्जत असते आणि बॅग हा माल. कुणी म्हणे बॅगेला त्यांनी रुमाल समजलं तर वाचली, बॅग समजलं तर गेली. एका बाईंनी मला थेट विचारलं, "तुम्ही त्यांच्या जागी असत्या तर?" मी म्हटलं, मी मुळात रुमालच फेकून दिला असता. त्यावर सगळी गाडी माझ्याकडे अशी बघू लागली, जणू चोर सापडला. बहीण खो खो हसत सुटली. आणि मलाही हसू फुटलं.

दिंडोरीला पोचलो तर सुरगाण्याची गाडी पाचच मिनिटांपूर्वी सुटलेली. दिंडोरीत उतरणारा एक जण दारापर्यंत जाऊन परत आला. "माझं काम उद्या होईल," म्हणाला, "निकाल बघून जातो." ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही. मी त्या पोराजवळ सरकले आणि माफी मागितली. तशी सवय नसल्याने ती जरा रागावल्यासारखीच निघाली.

"चालतं मावशी," तो म्हणाला. "केसांमुळे होतं असं. बहीण पार्लरचा कोर्स करते, प्रॅक्टिसला दुसरं डोकं नव्हतं."

वणीच्या स्टँडवर ती गाडी उभी होती. आमची निम्मी गाडी माझ्या मागे खाली उतरली. मी पुढे, मागे बहीण, मग पिवळे केस, टोपीवाले बाबा, दिंडोरीचा तो जादा प्रवासी. सुरगाण्याच्या गाडीच्या दारात पायरीवरसुद्धा माणसं लोंबकळत होती. "बॅग, बॅग," करत मी आत घुसले, माझ्यामागे बहीण आणि तो पोरगा एवढेच आत शिरू शकले. बोचकी, पाट्या, म्हातारी माणसं, कडेवर पोरं, सगळी एकमेकांना चिकटून उभी. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, चौथ्या खिडकीशी, एक जागा मोकळी होती.

पूर्ण मोकळी. तिच्यावर माझी निळी बॅग नीट उभी ठेवलेली. बाजूला एक तरुण बाई एका हाताने वरची दांडी धरून उभी होती, दुसऱ्या हातावर झोपलेलं तान्हं पोर. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"आल्या का बाई! कुठं राह्यल्या व्हत्या तुमी?"

मी म्हटलं, "तू बसली का नाहीस?"

"तुमीच सांगलं ना, खिडकीतून. जागा बघ, कोनाला बसू देऊ नको." ती हसली. "दिंडोरीला एक जन बसत व्हता. नाय बसू दिला."

सांगितलं होतं मी. बॅग कोंबताना आत जो कुणी होता त्याला, तोंडही न बघता, हुकूम सोडला होता. तो मी विसरले आणि तिने नाशिकपासून वणीपर्यंत, पोर हातावर घेऊन, उभ्याने पाळला. मला तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटली. मी सांगितलं, की मी या गाडीची नाहीच, माझी गाडी कळवणची, चूक झाली.

तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्या जागेकडे बघितलं. "मंग आधी नाय सांगायचं!" म्हणाली, आणि मोठ्याने हसत, पोराला सावरत, धपकन बसली. बॅग तिनेच उचलून माझ्या हातात दिली. मी बहिणीच्या हातातला चिवड्याचा पुडा पुढे केला, तो तिने घेतला आणि लगेच फोडून मागे फिरवला.

आम्ही परत आमच्या गाडीत चढलो. न उतरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी सुटली तसे टोपीवाले बाबा मागे वळले. हरल्याचं दुःख तोंडावर दिसत होतं, तरी आशा सुटली नव्हती. "साडी शे का आत? उघडी देख, बाई."

"हो, हो, बघून घ्या," व्यापारीही म्हणाला. सगळे माना उंच करून बॅगेच्या चेनकडे बघू लागले.

"बघितली," मी म्हटलं. "तिथेच उघडून बघितली. सगळं जागच्या जागी आहे."

मी बॅगेच्या चेनला हातही लावला नव्हता, हे बहिणीला आणि त्या पोराला माहीत होतं. पोराने मोबाईलवर परत गाणं लावलं. कळवण येईपर्यंत ती बॅग माझ्या मांडीवर बंदच होती.