रेशीमशेडमधलं यंत्र आणि दसऱ्याचं निरांजन

आमच्या दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तोच सगळ्यांना सांगत फिरतो. वहिनीची रेशमाच्या अळ्यांची पहिली बॅच उष्णतेनं गेली, तेव्हा तो म्हणाला, "दुसरी गेली तं तुती उपटून सोयाबीन पेरतो. मंग मले कोणी काही बोलू नोका." ती तुती वहिनीनं हट्टानं लावली होती, तिचा पाला खाऊनच अळ्या वाढतात. वहिनीपेक्षा राग मलाच आला.

मेहकरला माझं मोटारी-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मी म्हटलं, "वहिनी, शेड कधी अन् किती तापते हेच आपल्याले माहीत नाही. ते सांगणारं यंत्र मी बनवतो."

"बनव," दादा म्हणाला, "पण पह्यले घरातला पंखा नीट कर."

यंत्र म्हणजे तरी काय? तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, तापमान मोजणारा सेन्सर, दोन ओळींचा डिस्प्ले आणि थोड्या थोड्या वेळानं आकडा साठवून ठेवणारं मेमरी कार्ड. सगळं पेढ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं. चालू केलं तर डिस्प्लेवर नुसत्या चौकोनांची रांग. तारा तपासल्या, प्रोग्राम पुन्हा पुन्हा चढवला, बोर्डाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी कळलं, अक्षरं गडद-फिकी करायचा मागचा बारीक स्क्रूच मी फिरवला नव्हता. तो फिरवला आणि आकडा उमटला. दुकानात एकटाच नाचलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या बॅचच्या अळ्या आल्या तसा शेडमध्ये त्यांच्या रॅकशेजारी डबा टांगला. कार्डावरचे आकडे मोबाइलमध्ये पाहिले तर चोर सापडला. ऊन उतरलं म्हणून आम्ही गारव्यासाठी शेडला बाहेरून टांगलेल्या बारदानांवर पाणी मारणं थांबवायचो आणि टिनाचं छत तर त्यानंतरही तापलेलंच असायचं. वहिनी मग संध्याकाळपर्यंत बारदानं ओली ठेवू लागली. अळ्या असा पाला खायच्या की बाहेर उभं राहिलं तरी कुरकुर ऐकू यायची. येता-जाता वहिनी डिस्प्लेवरचा आकडा मोठ्यानं वाचायची, "सव्वीस!" दादा मुद्दाम दुसरीकडे पाहायचा.

अळ्यांना कोश विणायला थोडेच दिवस उरले आणि दसरा आला. मायनं सकाळी विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप पुजला आणि ताट घेऊन शेडकडे गेली. वहिनीनं तिला बजावलं होतं, शेडमध्ये उदबत्ती नको, अळ्यांना धूर सोसत नाही. मायनं शब्द पाळला. डब्याला हळदकुंकू लावलं, उदबत्तीऐवजी बरोबर सेन्सरच्या खाली स्टुलावर तुपाचं निरांजन ठेवलं आणि पुरण वाटायला घरात निघून गेली.

थोड्या वेळानं दादा नवा शर्ट घालून शेडवरून चालला होता. जाळीतून त्याला डिस्प्ले दिसला. सेहेचाळीस.

"पाणी आणा बे! आपल्या अळ्या मरून राह्यल्या!"

मी आणि वहिनी धावत पोचलो तर दादा टाकीतून बादल्या भरभरून बारदानांवर फेकत होता. स्वतः नखशिखांत भिजलेला आणि तोंड रडवेलं. वहिनी आत शिरली. अळ्या मजेत पाला खात होत्या. तिनं निरांजन उचललं, तसा आकडा हळूहळू खाली यायला लागला.

मागून माय आली. "दसऱ्याले हत्याराची पूजा करत नाहीत का? काऊन, काय झालं?"

मी मटकन खाली बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. वहिनीही तोंडाला पदर लावून हसली. मग दादाकडे पाहून हळूच म्हणाली, "तुम्हाले तं सोयाबीन पेरायचं होतं नं?"

दादानं शर्टाची बाही पिळली. "दुसऱ्या वावरात पेरू," तो म्हणाला. मग घराकडे गेला आणि पूजेतला विळा उचलून तडक तुतीकडे निघाला.

"अरे, पुजलेल्या विळ्याले आज हात लावत नाहीत," माय मागून ओरडली.

"मंग काय करू माय?" दादा न थांबता म्हणाला. "सणासुदीचं पोराईले उपाशी ठेवू?"